बिघाडाचा पत्ता

२ जून २०२४ला, रविवारी, बेंगळुरूत जो पाऊस कोसळला तो हवामान खात्याच्या दप्तरी १११.१ मिलिमीटर असा नोंदला गेला. जून महिन्यातल्या एका दिवसात इतका पाऊस या शहराने १३३ वर्षांत पाहिला नव्हता. आधीचा उच्चांक १८९१ सालचा होता, १०१.६ मिलिमीटरचा. शेकडो झाडं आणि फांद्या रस्त्यांवर आडव्या झाल्या. बेंगळुरूत झाड एकटं पडत नाही. त्याच्या खोडाला आणि फांद्यांना गुंडाळलेल्या दहा-पंधरा काळ्या तारा ते सोबत घेऊन येतं, आणि त्या प्रत्येक तारेच्या टोकाला कुणाचं तरी ऑफिस असतं, कुणाचा ऑनलाइन क्लास असतो, कुणाचा पुण्या-साताऱ्यातल्या आईवडिलांशी होणारा रात्रीचा व्हिडिओ कॉल असतो.

ही झाडं इथे आली कशी? १९८०च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी शहरभर सुमारे १५ लाख झाडं लावून घेतली. रस्त्यांवर सावली धरावी, एवढा त्यांचा साधा हेतू होता. पुढे त्याच सावलीत केबल टीव्हीची तार आली, तिच्यामागून इंटरनेटची. जमिनीखाली वाट नव्हती, खांब पुरत नव्हते, म्हणून तार खांबावरून झाडावर, झाडावरून गच्चीवर अशी उड्या मारत घरात शिरली. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. वळवाच्या एका सरीत तो मोडतो आणि अख्ख्या क्रॉस रोडचं नेट बसतं.

याच शहरात १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपलं केंद्र उघडलं आणि पुढे परदेशाशी थेट उपग्रहाचा दुवा जोडला. उपग्रहाची तबकडी बैलगाडीतून नेल्याची हकिगत इथले जुने अभियंते आजही सांगतात. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेही आधी मोजक्या महानगरांत आणि टेलिफोनच्या तारेवरून. म्हणजे सामान्य घरात इंटरनेट पोचण्याच्या जवळपास दशकभर आधी बेंगळुरूच्या एका इमारतीत परदेशाशी अखंड संपर्क होता. मोठ्या कंपन्यांच्या आवारात आजही ती अखंडता विकत मिळते. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोन जोडण्या, जनरेटर, चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं, सगळं असतं. घरात येणाऱ्या तारेला मात्र यातलं काहीच नसतं, आणि २०२०च्या मार्चनंतर ऑफिस त्याच तारेवर येऊन बसलं.

त्यामुळे 'नेट गेलं' हे वाक्य आता 'पाणी गेलं' इतक्याच काळजीने उच्चारलं जातं. कस्टमर केअरकडून पहिलं उत्तर ठरलेलं असतं: 'सर, मॉडेम एकदा बंद करून चालू करा.' त्याने कधीकधी खरंच चालू होतं आणि तक्रार मिटल्यासारखी वाटते. पण बिघाडाला पत्ता असतो. तो घरातल्या भिंतीपाशी असतो, जिन्यातल्या डब्यात असतो, कोपऱ्यावरच्या खांबावर असतो, कंपनीच्या यंत्रात असतो किंवा जेद्दाहजवळच्या समुद्रात असतो. तो शोधता येतो. शोधण्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही, पण आकडे वाचायची तयारी लागते.

पहिला प्रश्न असा, की घरात शिरणारी तार कोणती? बेंगळुरूत तीन जातींच्या तारा एकाच खांबावर नांदतात. सर्वांत जुनी केबल टीव्हीची जाड, गोल कोअॅक्स. तिच्यावरून डेटा कसा न्यायचा याचं 'डॉक्सिस' नावाचं मानक अमेरिकेतल्या केबललॅब्जने १९९७ साली आणलं. ३१ मार्च २०१३ ही बेंगळुरूसह ३८ शहरांत केबल डिजिटल करण्याची मुदत होती. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले, जाळी सुधारली, आणि हॅथवेसारख्या कंपन्यांनी त्याच कोअॅक्सवर ब्रॉडबँड विकलं. दुसरी जात इमारतीपर्यंत फायबर आणि तिथल्या स्विचपासून घरापर्यंत लॅनची तार. २०००च्या सुमारास बेंगळुरूतच सुरू झालेल्या एसीटीने ही पद्धत शहरभर नेली. तिसरी, आता सगळीकडे पसरत असलेली, म्हणजे थेट घरात येणारं केसाएवढं फायबर. तिघींचे आजार वेगळे आहेत आणि औषधंही.

कोअॅक्सपासून सुरुवात करू, कारण तिच्या आजाराइतका बोलका आजार दुसरा नाही. केबल मॉडेमला जोडलेल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ असा पत्ता टाकला की बहुतेक मॉडेम आपलं पान उघडून दाखवतात. त्यावर तीन गोष्टी पाहायच्या. येणाऱ्या सिग्नलची ताकद शून्याच्या आसपास, म्हणजे उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये असावी. मानक उणे १५ ते अधिक १५ पर्यंत सवलत देतं, पण टोकाला असलेला मॉडेम पहिल्या पावसात आजारी पडतो. सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर असलं की निश्चिंत राहावं. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कुणी पाहत नाही: मॉडेम स्वतः किती जोर लावून कंपनीकडे बोलतोय. तो ५० डीबीएमव्हीच्या घरात गेला असेल, तर मॉडेमला धाप लागलेली आहे असं समजावं. जत्रेत हरवलेल्या पोराला हाक मारताना आई जसा आवाज चढवत जाते, तसा मॉडेम पलीकडून उत्तर येईना की जोर वाढवत जातो. जोराची हद्द संपली की संबंध तुटतो. मॉडेमच्या नोंदवहीत तेव्हा 'टी-३ टाइमआउट' अशा ओळी दिसू लागतात. हाकेला उत्तर आलं नाही, एवढाच त्यांचा अर्थ. त्यामागून 'टी-४' आला की मॉडेम सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून जुळणी करायला बसतो, आणि घरातले म्हणतात, 'परत गेलं.'

रीस्टार्टमध्ये एक तोटा दडलेला आहे. यंत्र बंद केलं की त्याच पानावरची, दुरुस्त न होऊ शकलेल्या चुकांची मोजणी शून्यावर येते. म्हणून आधी पानाचा फोटो काढावा, मगच बटणाला हात लावावा.

हा जोर का लागतो? जवळपास नेहमी कारण एखाद्या जोडात असतं. कोअॅक्सच्या टोकाचा कनेक्टर उघडून पाहण्यासारखा आहे. मधोमध ताठ धातूची एक काडी, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर जाळीची विणलेली पन्नी आणि वर काळी साल. ही पन्नी कनेक्टरच्या कड्याला सगळीकडून घट्ट लागली पाहिजे. घाईत पकडीने दाबलेल्या कनेक्टरमध्ये ती एका बाजूला दुमडते, एखादा केसासारखा तंतू मधल्या काडीला टेकतो. गच्चीवरच्या जोडात पाणी शिरलं तर ते पन्नीच्या विणीतून आतल्या आत कित्येक फूट चालत जातं, काडीवर काळपट-हिरवा थर चढतो. तार घरात घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, आत येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण शंभरात किती तारांना असा झोळ दिलेला दिसतो, हे कुठल्याही लेआउटमध्ये मान वर करून पाहावं.

मग स्प्लिटर. टीव्ही आणि मॉडेमसाठी तार दोन फाट्यांत वाटली की प्रत्येक फाट्याला साडेतीन डेसिबलचा फटका बसतो. तीन डेसिबल म्हणजे ताकद निम्मी. चार फाट्यांचा स्प्लिटर सात डेसिबल खातो. जुन्या फ्लॅटमध्ये तिन्ही खोल्यांत टीव्ही लावायच्या काळातला स्प्लिटर आजही पोटमाळ्यावर पडलेला सापडतो, दोन तोंडं उघडी. कधी त्याच्या मागे चित्र स्वच्छ दिसावं म्हणून बसवलेला बूस्टर असतो. त्यातले बरेच बूस्टर फक्त एकाच दिशेने काम करतात, टीव्हीकडे. मॉडेमला उलट दिशेनेही बोलायचं असतं, आणि ती वाट हा डबा अडवून बसलेला असतो. लक्षण ओळखायला सोपं: आपल्याला सगळ्यांचं ऐकू येतं, पण 'तुमचा आवाज तुटतोय' असं सगळे सांगतात.

उघड्या तोंडातून गोंगाट आत शिरतो, आणि केबलच्या जाळ्यात एका घरचा गोंगाट तिथेच राहत नाही. मॉडेमकडून कंपनीकडे जाणारी वाट शेकडो घरांची एकच असते, त्यामुळे सगळ्यांचा कचरा एका ठिकाणी गोळा होतो. एका घरातल्या सैल स्क्रूमुळे गल्लीतल्या दुसऱ्या टोकाच्या घराचा कॉल तुटू शकतो. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण वेल्समधल्या अॅबरहोसन गावचं. तिथली तार टेलिफोनची होती, पण रोग हाच. दीड वर्ष रोज सकाळी सातला अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड बसायचं. तारा बदलून झाल्या, फरक पडेना. अखेर २०२० साली तिथल्या तारा सांभाळणाऱ्या ओपनरीच कंपनीचे अभियंते भल्या पहाटे स्पेक्ट्रम अॅनालायझर हातात घेऊन गावभर फिरले. ठीक सातला यंत्रावर विजेच्या गोंगाटाचा झटका उमटला आणि ते एका घराच्या दारात पोचले. तिथे एक जुना, सेकंडहँड टीव्ही रोज त्याच वेळी चालू केला जात होता. मालकाने तो पुन्हा लावणार नाही असं कबूल केलं आणि गावाचं नेट सुधारलं. अभियंत्यांना उत्तर सापडलं ते वेळेच्या नोंदीमुळे. तक्रार करताना 'वारंवार जातं' म्हणण्यापेक्षा 'दुपारी एक ते तीन जातं' असं सांगितलं तर तंत्रज्ञाला अर्धा पत्ता मिळतो. दुपारी जाणारं नेट बहुधा उन्हाने ताणल्या-सैलावलेल्या जोडाकडे बोट दाखवतं. पावसानंतर जाणारं पाणी शिरलेल्या जोडाकडे. रात्री आठ ते अकरा रेंगाळणारं कंपनीच्या भरलेल्या वाटेकडे, आणि तिथे घरात कितीही स्क्रू आवळले तरी उपयोग नाही.

लॅनच्या तारेचा एक आकडा तर लक्षातच ठेवावा: ९४. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आहे आणि स्पीड टेस्ट दर वेळी ९४ वर अडखळते, एक इंचही पुढे सरकत नाही. याचा अर्थ तारेतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक गेली की दोन्हीकडची यंत्रं आपसांत ठरवून १०० वर उतरतात, त्यातला डेटाच्या वेष्टनाचा हिस्सा वजा जाता ९४ उरतात. कुणी वाय-फायला दोष देतो, कुणी नवा राउटर आणतो, आणि बिघाड शाफ्टमध्ये उंदराने कुरतडलेल्या किंवा क्लिप नीट न बसलेल्या टोकाशी असतो. लॅनची तार १०० मीटरपर्यंतच धड चालते, हीदेखील बाब मोठ्या अपार्टमेंटमध्ये विसरली जाते. शिवाय तांब्याची तार वीज ओढते. एप्रिल-मेच्या गडगडाटी पावसानंतर इथल्या दुरुस्तीच्या दुकानांत जळालेले लॅन पोर्ट येतात, ते यामुळेच.

या पद्धतीत जिन्यातल्या स्विचला वीज लागते. 'करंट होय्तु', म्हणजे वीज गेली, अशी आरोळी खालून आली की घरातला यूपीएस राउटर जिवंत ठेवतो, पण जिन्यातला डबा मेलेला असतो. दिवे सगळे हिरवे, नेट नाही. सोसायटीने त्या डब्याला एक छोटी बॅटरी दिली तर महिन्यातल्या बऱ्याच तक्रारी मिटतील असं ज्या इमारतींच्या समित्यांना वाटतं, त्यांचं खरं आहे. खर्च काही हजारांचा आणि भांडण 'कंपनीने द्यायची की आम्ही' याचं. ते भांडण लवकर मिटवावं.

फायबरला वीज लागत नाही, गंज चढत नाही. त्याचा शत्रू वाकणं आणि धूळ. ओएनटी नावाच्या डब्यावरचा 'लॉस' असा लाल दिवा पेटला की प्रकाश पोचत नाहीये. पण दिवा हिरवा असूनही नेट तुटत असेल तर डब्याच्या पानावरचा प्रकाशाचा आकडा पाहावा. उणे १८ ते उणे २४ डीबीएम ठीक. नेहमीच्या उपकरणांची सीमा उणे २७च्या आसपास. उणे २७ म्हणजे एका मिलिवॉटचा पाचशेवा हिस्सा, आणि तेवढ्या प्रकाशावर अख्खं घर चालतं! कंपनीकडून निघालेला प्रकाश स्प्लिटरमध्ये ३२ घरांत वाटला जातो, तिथेच सुमारे १७ डेसिबल खर्ची पडतात. उरलेल्या तुटपुंज्या शिलकीतून टीव्ही युनिटमागे काटकोनात दाबलेली पॅचकॉर्ड दोन-तीन डेसिबल सहज घेते. सोफा भिंतीला टेकवला आणि नेट गेलं, अशी तक्रार खरी असते. हिरव्या कनेक्टरचं टोक बोटाने पुसू नये, बोटावरचं तेलच प्रकाश अडवतं.

वाय-फायबद्दल थोडक्यात. लॅपटॉप तारेने थेट जोडून पाहिल्याशिवाय कुणालाही फोन करू नये, कारण तारेवर नेट ठणठणीत असेल तर बिघाड घरातल्या हवेत आहे. दाट अपार्टमेंटमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे वीस-पंचवीस राउटर एकमेकांवर बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झ मोकळा असतो, पण काँक्रीटची भिंत त्याला सोसत नाही. आणि दिवाळीत हमखास होणारा प्रकार: पाडव्याला काढलेले दोनशे फोटो चार फोन एकदम क्लाउडवर चढवू लागतात, अपलोडची रांग राउटरच्या पोटात साचते आणि गावाकडच्या आजीशी चाललेला कॉल गोठतो. बेल लॅब्जमध्ये असताना जिम गेटिस यांना हाच अनुभव २०१०च्या सुमारास घरी आला आणि 'बफरब्लोट' हे नाव रूढ झालं. अपलोडला राउटरमध्ये थोडी मर्यादा घातली की रांग साचत नाही.

घर, जिना, खांब सगळं निर्दोष असूनही कधी दूरच्या साइट रखडतात. सप्टेंबर २०२५मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतालाही त्याची झळ बसली. बेंगळुरूला समुद्र नाही. त्याची परदेशी वाट मुख्यतः चेन्नई आणि मुंबईच्या किनाऱ्यावरून जाते.

तरीही या शहराच्या नेटचा खरा तिढा समुद्रात नाही, डोक्यावर आहे. विजेच्या खांबांवर बेकायदा लटकलेल्या फायबर आणि डिश केबल जुलै २०२४ पर्यंत उतरवा, असं वीज कंपनी बेसकॉमने बजावलं, आणि मुदतीनंतर तारा कापल्या जाऊ लागल्या. बेसकॉमची भीती खोटी नाही. खांबावर चढणाऱ्या लाइनमनला त्या गुंत्यातून वाट काढावी लागते आणि लोंबणारी तार दुचाकीस्वाराच्या गळ्याशी येते. ऑगस्ट २०२५मध्ये हैदराबादच्या रामंतापूरमध्ये जन्माष्टमीच्या मिरवणुकीचा रथ विजेच्या तारेच्या संपर्कात येऊन पाच जण दगावले, आणि तिथेही केबल कापण्याची मोहीम निघाली. माणसाच्या जिवापुढे कुणाचाही कॉल मोठा नाही. पण तार कापून प्रश्न सुटत नाही. कापलेली तार दोन दिवसांत त्याच खांबावर, आणखी एक जोड घेऊन परत चढते. प्रत्येक नवा जोड पुढचा बिघाड असतो.

उपाय शहराला माहीत आहे. टेंडरशुअर योजनेत रेसिडेन्सी रोड, रिचमंड रोड, कनिंगहॅम रोड अशा रस्त्यांच्या पदपथाखाली तारांसाठी नळ्या घातल्या गेल्या आणि तिथे मान वर केली तर आकाश दिसतं. ते रस्ते मध्यवर्ती, श्रीमंत भागातले. मारतहळ्ळी, बोम्मनहळ्ळी, होरमावूच्या गल्ल्यांत, जिथे नोकरीसाठी आलेली लाखो माणसं भाड्याने राहतात, तिथे ही सोय पोचलेली नाही. नव्या दूरसंचार कायद्याखालचे मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. खोदकामाआधी तारांच्या मालकांना कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप मार्च २०२३पासून आहे. आता महापालिका एक नाही, सप्टेंबर २०२५ पासून ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच आहेत. पदपथ उकरायचाच असेल तेव्हा त्यात सर्व कंपन्यांसाठी एक सामाईक नळी टाकावी आणि तिचं भाडं घ्यावं, एवढं या पाचांनी ठरवलं तरी पुढच्या दहा वर्षांचा पाऊस बराच सुसह्य होईल.

तोवर ग्राहकाच्या हाती कागद आहे. तक्रारीचा क्रमांक घ्यावा, उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या नियमांनी ही पायरी बंधनकारक केली आहे. त्यापुढे ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२च्या निकालात स्पष्ट केलं. अशा ठिकाणी 'नेट नीट चालत नाही' या वाक्यापेक्षा तारीख, वेळ आणि मॉडेमच्या पानाचा फोटो जास्त बोलतो.

आणि जो माणूस शिडी घेऊन येतो, त्याच्याशी जरा बोलावं. 'अण्णा, नेट बर्तिल्ल' एवढ्या कन्नडवरही तो खुलतो. दिवसाला किती तक्रारी मिटवल्या यावर त्याचं मोजमाप होत असतं, म्हणून त्याला घाई असते. हातमोजे, पट्टा नसताना तो ओल्या खांबावर चढतो. त्याच्याकडे प्रकाश मोजायचं छोटं मीटर असतं. जायच्या आधी त्याला घरातल्या टोकाचं माप दाखवायला सांगावं आणि मार्करने ते तारखेसह डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावं: उणे २१. पुढच्या वेळी दुसरा कुणी आला आणि मीटरवर उणे २६ दिसलं, तर तो राउटरला हात न लावता सरळ जिन्यातला डबा उघडेल.